एकविसावा फर्मा

वेळापत्रक करण्यात माझा हात धरणारं कुणी नाही. ही फुशारकी नाही, कबुली आहे. हिरव्या शाईत विषय, लाल शाईत तास, चारी बाजूंनी पट्टीनं मारलेली दुहेरी रेघ. 'आजपासून रोज दहा तास अभ्यास.' 'भौतिक रसायनात नव्वद टक्के.' आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे अशी सतरा वेळापत्रकं एकावर एक चिकटवलेली होती आणि त्यातल्या एकानंही चौथा दिवस पाहिला नव्हता. आई म्हणायची, हिचे नव्याचे नऊ दिवससुद्धा तीनच असतात.

घरात मला 'घाई' म्हणतात. खरं नाव हजेरीपटावर आहे, तिथंच राहू दे.

तर भौतिक रसायनात मी दोनदा आपटले होते. पहिल्यांदा एकतीस मार्क, दुसऱ्यांदा एकोणतीस. पास व्हायला चाळीस लागतात, म्हणजे अभ्यास वाढवत नेऊन मी उलट्या दिशेनं निघाले होते. तिसरी संधी शेवटची. त्यात नापास झाले की कॉलेज नाव कमी करणार, असं पत्रच आलं. आई पोस्टात पत्रांची छाननी करते, त्यामुळे ते तिच्याच हाताखालून गेलं असणार. तिनं ते सतराव्या वेळापत्रकाशेजारी टाचणीनं लावलं आणि एक अक्षर बोलली नाही. आई बोलते तेव्हा मला भीती वाटत नाही, गप्प बसते तेव्हा वाटते.

मी काय केलं असेल? बरोबर. अठरावं वेळापत्रक केलं. परीक्षेला छप्पन्न दिवस होते. या वेळी जांभळी शाई आणली, रोज बारा तास लिहिले, आणि शाई वाळायच्या आत ते घेऊन दाणदाण जिना उतरून बाबांच्या दुकानात गेले.

बाबा बाइंडर आहेत. घर वर, दुकान खाली. एक कटिंग मशीन, पुस्तकं दाबून ठेवायचा लोखंडी शिकंजा, शेगडीवर कोमट ठेवलेलं सरसाचं भांडं आणि भिंतभर फळ्या. बाबांची शाळा आठवीत सुटली, पण त्यांच्या हाताखालून जेवढी पुस्तकं गेली तेवढी आमच्या प्राचार्यांच्या डोळ्याखालून गेली नसतील. प्रत्येक कामाला ते एक चिठ्ठी लावतात. चिठ्ठीवर तीनच शब्द असतात, काय, किती, कधी, आणि त्यांच्यापुढे तीन उत्तरं. 'पुस्तक करणे' असं त्यांनी कधी लिहिलेलं मला आठवत नाही. 'पन्नास प्रतींची शिवण, बुधवारी दुपारी' असं असतं.

त्यांनी माझं वेळापत्रक दोनदा वाचलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं की या विषयाचं पुस्तक किती पानांचं आहे. मला माहीत नव्हतं. जाड आहे, म्हटलं. शेवटचं कधी उघडलं होतंस, असं विचारल्यावर मी विषय बदलायला गेले, पण बाबांसमोर विषय बदलत नाही.

"गिऱ्हाइकाला मी कागद हातात घेतल्याशिवाय तारीख देत नाही," ते म्हणाले. "तू पुस्तक न उघडता नव्वद टक्के देऊन बसलीस."

मग म्हणाले, आण ते पुस्तक. मी आणलं. त्यांनी ते उलटंपालटं केलं, पाठीवरून अंगठा फिरवला, सुरी घेतली आणि माझ्या डोळ्यांदेखत पुस्तकाची पाठ सोलली. मी किंचाळलेच. आमच्या घरात पुस्तकाला पाय लागला तरी कानाला हात लावायला लावणारा माणूस, आणि तो टाका टाका उसवत होता, शांतपणे, जणू काही शेंगा सोलतोय.

पाच मिनिटांत पुस्तक नाहीसं झालं आणि टेबलावर पातळ पातळ वह्यांची एक चवड उरली. पुस्तक पानांचं नसतं, फर्म्यांचं असतं. मोठा कागद छापून घड्या घातल्या की सोळा पानांची एक वही होते, तिला फर्मा म्हणतात. प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानाच्या तळाशी बारीकसा आकडा असतो, त्या आकड्यांवरून फर्मे एकापुढे एक लावायचे आणि शिवायचे. हे मला चालायला लागल्यापासून माहीत होतं. दुपारी कॉलेजातून आल्यावर फर्मे लावायला मीच तर बसायचे. पण माझ्या रसायनाच्या पुस्तकाला फर्मे असतील, हे मात्र माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

पस्तीस निघाले. बाबांनी चवड फळीवर ठेवली, वरचा एक फर्मा माझ्या हातात दिला आणि चिठ्ठी लिहिली. काय: पहिला फर्मा. किती: सोळा पानं. कधी: आज. आठवड्याला पाच, शनिवारी उजळणी, रविवारी चार वाजता त्यांच्यासमोर बसून पाचही फर्मे सांगायचे. सात आठवड्यांत पस्तीस, आणि आठवा आठवडा शिकंज्याचा, कारण शिवलेलं पुस्तक कुणी लगेच गिऱ्हाइकाच्या हातात देत नाही, ते दाबाखाली ठेवावं लागतं.

मी म्हटलं, बाबा, तुम्हाला यातलं काय कळणार? म्हणाले, म्हणून तर तू सांगायचंस.

काय सांगू, माझ्या अंगात वारं शिरलं. सोळा पानं! सोळा पानं तर मी उभ्या उभ्या वाचते. पाचशे साठ पानांचा जो डोंगर दोन वर्षं छातीवर बसला होता, तो माझ्या हातात मावत होता, दुमडून ओढणीत खोचता येत होता. मंगळवारी रात्रीच्या जेवणाआधी माझे पाचही फर्मे वाचून झाले आणि मी आईला ऐकू जाईल अशा बेतानं गुणगुणत होते.

रविवारी चार वाजता घोडं अडलं. तिसऱ्या फर्म्यात बाष्पीभवन होतं. मी व्याख्या घडाघडा म्हणून दाखवली. बाबांनी ऐकली आणि विचारलं, मग पंख्याखाली खळ लवकर का वाळते, पंखा तर काही तापवत नाही. मी पुन्हा व्याख्याच म्हटली. बाबांनी तिसरा फर्मा परत चवडीत ठेवला आणि म्हणाले, हा उद्या पुन्हा. मला इतका राग आला की मी जेवले नाही. सोमवारी सकाळी तोच फर्मा घेऊन पंख्याखाली बसले, दोन कागदांना खळ लावली आणि डोळ्यांसमोर एक वाळताना पाहिला, एक ओला राहिलेला पाहिला. वाऱ्यानं वरची वाफ हटते, नवी निघायला जागा होते. पुस्तकात हेच लिहिलं होतं हो, चौथ्या ओळीत. मी ते दोन वर्षं वाचत होते आणि मला ते दिसलं नव्हतं. मी जिन्यावरून ओरडतच खाली गेले.

त्यानंतर मात्र गाडी सुटली. दुसरा आठवडा, तिसरा, चौथा. आता मला रविवारची वाट पाहवेना. बाबा काय विचारतील याचा अंदाज बांधत मी फर्मा वाचायचे, आणि ते नेमकं भलतंच विचारायचे. आई डाळ निवडत पायरीवर येऊन बसायला लागली. एकदा मी समतोल समजावत असताना तिनं म्हटलं, म्हणजे आमच्या पोस्टासारखंच की, जेवढी पत्रं येतात तेवढीच जातात, म्हणून टेबल कायम भरलेलं. मला तिचा हेवा वाटला, हे मला सुचायला हवं होतं.

आणि मग पाचव्या आठवड्याच्या सोमवारी मी एकविसावा फर्मा उघडला. कोलॉइडचं प्रकरण, एका पदार्थाचे बारीक कण दुसऱ्यात तरंगत राहतात ते. मॅडमनी वर्गात सांगितलं होतं की यावर प्रश्न येतोच येतो. पहिली ओळ वाचली: 'घाटात धुकं इतकं दाट होतं की मला माझ्याच इंजिनाचा दिवा दिसेना.'

मी पान उलटलं. चढ, ब्रेक, मागच्या डब्यांत झोपलेले चारशे प्रवासी.

एक निवृत्त इंजिनचालक होते, त्यांनी आठवणी लिहून छापून घेतल्या होत्या. चोवीस फर्मे, पन्नास प्रती. आदल्या गुरुवारी त्यांचे फर्मे लावायला मी बसले होते, फळीवर माझी चवड आणि त्यांचे गठ्ठे शेजारी शेजारी, आकार एकच, आणि मी माझ्या नव्या जोशात शब्द न बघता तळाचा आकडा तेवढा बघत हात चालवत होते. एकवीस म्हणजे एकवीस. माझा एकवीस त्यांच्या एका प्रतीत गेला आणि त्यांचा एकवीस माझ्या चवडीत. पन्नासही प्रती शनिवारी शिवून, पुठ्ठा चढवून, गाडीत घालून गेल्या होत्या. नाव ठेवलंय ते उगाच नाही.

मी जाऊन बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी तो फर्मा हातात घेतला, तळाचा आकडा पाहिला, पहिली ओळ वाचली. सव्वीस वर्षांत त्यांच्या दुकानातून चुकीचा फर्मा बाहेर गेला नव्हता, हे मला माहीत होतं आणि मला माहीत आहे हे त्यांना माहीत होतं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चालकांना फोन लावला, चूक सांगितली, आपली आहे असं सांगितलं, मुलीची नाही. चालककाका प्रती वाटायला नातेवाइकांकडे निघाले होते, तीन आठवड्यांनी परतणार होते. आल्यावर तीनशे एकविसावं पान बघून कळवतो म्हणाले.

आता प्रकरण काय, मॅडमकडे पुस्तक होतंच. ग्रंथालयातही होतं. मी पानांचे फोटो काढून आणायला निघाले तर बाबांनी थांबवलं. एक मोठा कोरा कागद घेतला, घडी घातली, पुन्हा घातली, पुन्हा घातली, हाडाच्या पट्टीनं दाबली, कडा कापल्या आणि सोळा कोऱ्या पानांचा फर्मा माझ्यापुढे ठेवला.

"कुठूनही वाचून ये. पण लिहिताना पुस्तक बंद. हा फर्मा तू हरवलास, हा तूच करायचास."

मी चिडले. माझं वेळापत्रक बोंबलणार होतं, म्हणजे चिठ्ठी. एका दिवसाच्या कामाला तीन दिवस लागणार होते आणि आठवड्याचे पाच होणार नव्हते. मी हे तावातावानं सांगितलं. बाबा म्हणाले की तारीख चुकणार असेल तर ती उलटायच्या आधी गिऱ्हाइकाला सांगायचं आणि नवी द्यायची, उलटल्यावर तोंड लपवायचं नाही. इथं गिऱ्हाईक कोण, असं मी विचारलं तर त्यांनी दारामागच्या पत्राच्या दिशेनं वर बोट केलं. मी नवी चिठ्ठी लिहिली. शिकंज्याच्या आठवड्यातले दोन दिवस उसने घेतले.

ग्रंथालयात बसून प्रकरण वाचलं, घरी आले, पुस्तक बंद, पेन उघडं. अडीच पानं झाली आणि तिथंच संपलं. पुढे डोक्यात नुसता सपाट रस्ता. द्रव असताना सोल म्हणतात, गोठल्यावर जेल म्हणतात, इथवर आले आणि गाडी रुतली. वैतागून खाली गेले, सरस ढवळायला. भांडं शेगडीवरून उतरवलेलं होतं आणि सरस थरथरत होता, चमच्यानं दाबला तर दबून वर येत होता. मी भांडं शेगडीवर ठेवलं. पातळ झाला. उतरवलं. थिजला. पुन्हा ठेवलं.

"बाबा," मी म्हटलं, "हा जेल आहे."

"तो सरस आहे," बाबा म्हणाले.

लहानपणापासून मी हातानं कोलॉइड ढवळत होते, नखांतून काढत होते, वासाला नाकं मुरडत होते. आता मला कुणी थांबवू शकत नव्हतं. सरस खळखळून उकळू द्यायचा नाही, हा बाबांचा पहिला नियम, पण का नाही हे त्यांनाही ठाऊक नव्हतं, त्यांच्या उस्तादांनी सांगितलं म्हणून. मी एका वाटीत कोमट ठेवला, दुसऱ्या वाटीतला तासभर उकळला, दोन्हींनी कापडाच्या पट्ट्या चिकटवल्या, दुसऱ्या दिवशी ओढल्या. उकळलेल्याची पट्टी बोटानं निघाली. कोमटाची ओढताना आईनं एक टोक धरलं, मी दुसरं, आणि कापड फाटलं पण जोड सुटला नाही. सरस म्हणजे प्रथिनांच्या लांब साखळ्या, पाण्यात जास्त उकळल्या की तुटून आखूड होतात, आखूड साखळ्या काय धरणार? मी बाबांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं आणि म्हणाले, पुन्हा सांग. मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांग म्हणाले.

तिसऱ्या संध्याकाळी सोळा पानं भरली. शेवटच्या पानावर जागा कमी पडली म्हणून अक्षर बारीक करावं लागलं.

परीक्षेच्या सहा दिवस आधी चालककाका दुकानात हजर. उंच, वाकलेले, काखेत स्वतःचं पुस्तक. माझा फर्मा त्यांच्याच घरच्या प्रतीत निघाला होता. त्यांनी पान उघडून बघायच्या आधीच ती प्रत वाचत बसलेल्या बहिणीनं विचारलं म्हणे, दादा, तुझं इंजिन घाट चढता चढता एकदम दुधाचं दही कसं व्हायला लागलं? बाबांनी माफी मागितली, मी मागितली. काका म्हणाले की बहीण सोडून कुणी तिथवर वाचत पोचलंच नाही, त्याचं काय? मी म्हटलं, मी पोचले. धुक्यात तुम्ही खाली उतरून हातात कंदील घेऊन इंजिनाच्या पुढे चालत गेलात आणि गाडी पावला पावलानं मागून आणलीत, ते मी दोनदा वाचलं. काका खुर्चीत बसले. मग बराच वेळ त्यांनी मला तो घाट पहिल्यापासून सांगितला, आणि बाबा तेवढ्यात त्यांची प्रत उसवून दोन्ही एकवीस जागच्या जागी आणून मोकळे झाले.

छापलेला एकवीस हातात आल्यावर मी आधी माझा त्याच्याशी ताडून पाहिला. दोन गोष्टी राहिल्या होत्या, एक चुकली होती. बस. मी दुकानात एक गिरकी घेतली आणि कटिंग मशीनला कोपर आपटून घेतलं.

परीक्षेत सातवा प्रश्न होता, सोल आणि जेल, रोजच्या वापरातल्या उदाहरणासह, बारा मार्क. मला हसू आलं आणि पर्यवेक्षिका येऊन माझ्या बाकाखाली बघून गेल्या.

निकालाच्या दिवशी आईनं रजा घेतली नव्हती, पण पोस्टातून दर अर्ध्या तासानं फोन करत होती. एकसष्ट. नव्वद नाही, साठ आणि वर एक. मी आईला सांगितलं, शिक्क्यांच्या ठकठकाटातून ती म्हणाली की मी येईपर्यंत टाचणी काढून ठेव, पत्र फाडायचं मला. मी जिन्याच्या शेवटच्या चार पायऱ्या एका उडीत उतरून दुकानात गेले.

बाबांनी आकडा ऐकला, दोनदा मान हलवली, डोळे पुसले आणि शिकंजा फिरवून उघडला. आत माझं पुस्तक होतं. लाल कापडी पाठ, नवा पुठ्ठा, सरळ कडा. चिठ्ठीवर 'कधी'पुढे कालची तारीख होती. म्हणजे निकाल यायच्या आधीच त्यांनी ते शिवून दाबाखाली ठेवलं होतं. मी तीनशे एकविसावं पान उघडलं. तिथं माझं अक्षर होतं. छापलेला फर्मा नव्हताच, माझा होता, आणि त्याच्या पहिल्या पानाच्या तळाशी पेन्सिलीनं, बाबांच्या हातचा, बारीक एकवीस.

मग माझी नजर फळीवर गेली. माझ्या चवडीची जागा मोकळी असायला हवी होती. तिथं दुसरीच चवड होती, बारीक, बारा-तेरा फर्म्यांची, ताजी उसवलेली. मी वरचा उचलला. दहावीचं गणित. खाली चिठ्ठी. काय: पहिला फर्मा. किती: सोळा पानं. कधी: रविवारी चार वाजता.

"ऐकायला तू बसायचंस," बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "आणि अडलो तर फर्मा परत."

मी विचारलं, बाहेरून बसणार ना, परीक्षा कधी आहे, फॉर्म भरला का, या वर्षी की पुढच्या?

"घाई," ते म्हणाले, "तारीख अजून दिलेली नाही. कागद हातात घेऊन चारच दिवस झालेत."